मुलाच्या हातातली भातुकली काढून घेऊ नका

प्रश्न : मला दोन मुलं. मोठी मुलगी साडेसात वर्षांची, दुसरीत आहे. धाकटा मुलगा जवळपास पाच वर्षांचा, छोट्या गटात जातो. आम्ही सासू-सासऱ्यांसोबत एकत्र राहतो. धाकट्याला ताईच्या भातुकलीचं फार वेड. तासन्‌तास चहा करतो, पोळ्या लाटतो, सगळ्यांना वाढतो. पाण्याची बाटलीही त्याने हट्टाने गुलाबी घेतली. मागच्या आठवड्यात वर्गातली पोरं त्या बाटलीवरून त्याला ‘मुलगी, मुलगी’ म्हणून चिडवायला लागली. तेव्हापासून तो बाटली नेत नाही आणि शाळेत पाणीच पीत नाही. सासूबाई म्हणतात, ‘आत्ताच आवर घाला, नाहीतर पोरगं बायल्या होईल.’ मिस्टरांनी भातुकली माळ्यावर टाकली आणि त्याला बंदूक आणि जेसीबी आणून दिला. तो रडायला लागला तर म्हणाले, ‘मुलींसारखा रडतोस काय?’ इकडे मुलगी वर्षभरापूर्वीपर्यंत गल्लीत क्रिकेट खेळायची, आता म्हणते तो मुलांचा खेळ आहे. मामाने विज्ञानाच्या प्रयोगांचा संच आणला, तोही तिने न उघडताच भावाला देऊन टाकला. पुढच्या महिन्यात मुलाचा वाढदिवस आहे. पाहुणे विचारतात, काय आणू? मी घरातून गुलाबी रंगच हद्दपार करावा का? सासूबाईंशी वाद घालण्याची माझी हिंमत नाही. काय करू?
— एक आई

प्रिय ताई,

आधी पाण्याचं बघू, कारण ते पुढच्या आठवड्यावर टाकण्यासारखं नाही. एवढं लहान मूल शाळेत पाण्यावाचून बसलं की लघवीची जळजळ, बद्धकोष्ठता, डोकेदुखी मागे लागते. उद्या त्याला सोडायला जाल तेव्हा बाईंना बाजूला घ्या आणि तो ऐकत नसताना काय घडलं ते सांगा. चिडवणाऱ्या पोरांना शिक्षा करा असं म्हणू नका. तीही चार-पाच वर्षांचीच आहेत आणि घरी कानावर पडतं तेच बोलतात. बाईंनी सहज रंगांचा एखादा खेळ घ्यावा, कोणाला कुठला रंग आवडतो ते प्रत्येकाला विचारावं आणि रंग सगळ्यांचे असतात एवढंच ठामपणे सांगावं. या वयात बाईंचा शब्द आईबापांच्या शब्दाला भारी पडतो. मुलाला मात्र घरी विचारा, कुठली बाटली न्यायचीय? स्टीलची म्हणाला तर स्टीलची द्या, वर भाषण नको. गुलाबी बाटलीसाठी भांडायचं असेल तर ते आपण मोठ्यांनी भांडायचं. त्याने फक्त पाणी प्यायचं.

आता सासूबाईंच्या शब्दाकडे येते. ती भीती थोडीशी तुमच्याही मनात आहे असं पत्र वाचताना वाटलं, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते. भातुकली खेळल्याने किंवा गुलाबी वस्तू वापरल्याने मूल पुढे कोणाच्या प्रेमात पडणार, स्वतःला पुरुष समजणार की बाई, हे ठरत नाही. विटीदांडू आणि बंदुका खेळून वाढलेले पुरुषही समलिंगी असतात आणि बाहुल्यांना अंघोळ घालणारे मुलगे पुढे चारचौघांसारखे संसारी बाप होतात. आणि उद्या तुमचा मुलगा वेगळा निघालाच, तर तो आजार नाही, कुणाच्या संगोपनातली खोटही नाही. त्या वेळी त्याला आधार लागेल तो लहानपणी आपल्याला कधी न हसलेल्या घराचा. म्हणजे कुठल्याही बाजूने विचार केला तरी भातुकली माळ्यावर टाकून काहीच साधत नाही.

उलट जातं बरंच काही. त्याचा खेळ कधी शेजारी बसून नीट बघितलाय का? बोटाएवढ्या किटलीतून तो कपात पाणी ओततो, काठोकाठ भरलेला कप बशीसकट उचलतो आणि न सांडता आजोबांपर्यंत नेतो. पुढे पेन्सिल धरायला लागणारं मनगट तिथे तयार होतं. आजी, आजोबा, ताई, आई अशी माणसं मोजून चार कप मांडतो. एक कमी पडला की वाटी घेतो. साखर किती, बिस्कीट हवं का, असं विचारतो आणि समोरच्याचं उत्तर येईपर्यंत थांबतो. मग म्हणतो, ‘गरम आहे हं, फुंकून प्या.’ ज्या पोराला न उकळलेल्या चहाने दुसऱ्याची जीभ भाजेल याची काळजी वाटते, त्याने दुसऱ्याच्या जागी जाऊन बघायला सुरुवात केलेली असते. मोजणं, बोलणं, वाट पाहणं, जीव लावणं, एवढा सगळा सराव त्या डब्यात आहे. जेसीबीतही तितकंच आहे बरं का. माती उचलायची, तोल सांभाळायचा, किती भार झेपेल याचा अंदाज घ्यायचा. तो जेसीबी राहू द्या, आणि मुलीलाही चालवू द्या. बंदुकीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तिच्याने एकच खेळ खेळता येतो, आणि तो मला दोघांपैकी कुणाच्याही हातात नको वाटतो.

त्याच्या वयाबद्दल एक गोष्ट माहीत असलेली बरी. दोन-तीन वर्षांच्या सुमाराला मुलांना ‘मी मुलगा, मी मुलगी’ हे कळायला लागतं. पण कपडे बदलले, केस वाढवले तरी आपण तेच राहतो, हे पक्कं समजायला बऱ्याच मुलांना सहा-सात वर्षं लागतात. मधल्या काळात मुलं नियमांच्या बाबतीत फार कडक होतात. फ्रॉक घातला की मुलगी होतो, गुलाबी बाटली घेतली की मुलगी होतो, असं त्यांना खरोखरच वाटू शकतं. वर्गातली पोरं दुष्टपणा करत नाहीत, त्यांना कळलेला नियम राबवतात. हा कडकपणा पुढे बहुतेकांचा आपोआप सैल होतो, मात्र मोठ्यांनी त्याला खतपाणी घालता कामा नये.

म्हणूनच मिस्टरांच्या वाक्याचं मला जास्त वाटतं. 1976 साली अमेरिकेत जॉन आणि सँड्रा कॉन्ड्री या संशोधकांनी मोठ्या माणसांना नऊ महिन्यांच्या एका बाळाची फिल्म दाखवली. डबीतून बाहुलं टुणकन उडी मारतं आणि बाळ दचकून रडतं. काहींना सांगितलं की हा मुलगा आहे, काहींना सांगितलं की ही मुलगी आहे. मुलगा समजून बघणाऱ्यांना बाळ चिडलेलं दिसलं आणि मुलगी समजून बघणाऱ्यांना तेच बाळ घाबरलेलं दिसलं. बाळ एकच, रडणंही तेच. रात्री पोरं झोपल्यावर ही गोष्ट मिस्टरांना सांगा. तुमचा मुलगा त्या दिवशी मुलींसारखा रडला नाही, आवडती वस्तू काढून घेतलेल्या मुलासारखा रडला. त्याच्या जागी कोणीही रडलं असतं. भीती आणि दुःख दाखवायची ज्याला चोरी होते, त्याच्याकडे लोकांना चालेल अशी एकच भावना उरते, ती म्हणजे राग. मोठेपणी घरात सारखा चिडणारा आणि आत काय चाललंय ते कधीच न सांगणारा पुरुष आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. त्याची तयारी याच वयापासून होते.

त्यांच्याकडून एकच गोष्ट करून घ्या. भातुकली माळ्यावरून त्यांनी स्वतः उतरवायची आणि मुलाने केलेला चहा खाली मांडी घालून बसून प्यायचा. तुम्ही उतरवलीत तर मुलगा समजेल की आईला चालतं, बाबांना नाही. बाबांनी उतरवली की सगळंच निवळेल. ‘स्वयंपाक हे बायकांचं काम’ असं ते म्हणाले, तर शेकडो पानांचं लग्नाचं जेवण रांधणारे आचारी, मिठाईवाले, खानावळीतले वस्ताद, ब्लाउज शिवणारे शिंपी कोण आहेत ते विचारा. जे काम पैसे घेऊन केलं तर पुरुषाला शोभतं, ते स्वतःच्या पोरांसाठी केलं तर लाजिरवाणं का व्हावं?

चिडवणं मात्र हलक्यात घेऊ नका. 2021 साली लेगो या खेळण्यांच्या कंपनीने सात देशांत पालकांची आणि मुलांची पाहणी करवून घेतली. मुलींची समजली जाणारी खेळणी खेळलो तर लोक हसतील, अशी भीती खुद्द 71 टक्के मुलग्यांनी बोलून दाखवली. मुलांची खेळणी खेळण्याबद्दल तशी भीती वाटणाऱ्या मुली 42 टक्के होत्या. त्या देशांत भारत नव्हता, पण तुमच्या मुलाच्या वर्गातला प्रसंग वेगळं काय सांगतो? मुलगी क्रिकेट खेळली की आपण कौतुकाने ‘अगदी मुलासारखी आहे हो’ म्हणतो. मुलगा पोळ्या लाटायला बसला की ‘मुलीसारखा’ म्हणतो, आणि ती शिवी असते. ताई, ज्या घरात ‘मुलीसारखा’ ही शिवी असते, त्याच घरात तुमची मुलगीही ती रोज ऐकत असते.

सासूबाईंशी वाद घालायची हिंमत नाही म्हणता. वाद कशाला घालायचा? त्यांना जुना अल्बम काढायला सांगा. आपल्याकडे कितीतरी घरांत जावळ काढण्याआधी मुलग्याचे केस बांधून, फ्रॉक घालून, काजळ-तीट लावून हौसेने फोटो काढलेले असतात. कदाचित तुमच्या मिस्टरांचाही निघेल. बाळाचं झबलं, टोपडं, कुंची, पायातले वाळे यांत मुलगा-मुलगी असा भेद कोणी केला नव्हता. बोरन्हाणाला मुलग्याला हलव्याचा हार, बाजूबंद, मुकुट घालतो. गोकुळाष्टमीला कृष्ण करून नटवतो आणि दृष्ट काढतो. वारीच्या वाटेवर टाळ-पखवाज थांबले की मिशाळ वारकरी एकमेकांचे हात धरून फुगड्या घालतात. त्यांना कोणी हसत नाही, लोक पाया पडतात. आणि सासूबाईंना जनाबाईचे अभंग ठाऊक असणारच. जनीबरोबर जातं ओढणारा, शेण्या वेचणारा, तिचे केस विंचरून देणारा विठोबा त्यांनी आयुष्यभर पुजला असेल. तुमचा मुलगा पोळ्या लाटताना दिसला की त्यांना तो विठोबा आठवायला हवा. हे तुम्ही तोंडावर सुनावू नका, त्यांनाच जनीची गोष्ट नातवंडांना सांगायला लावा. माझ्या अनुभवात आज्या भांडणापेक्षा गोष्टीने लवकर वळतात.

गुलाबी मुलींचा आणि निळा मुलांचा, हा नियम तर आपल्या मातीतला नाहीच आणि जुनाही नाही. 1918 साली अमेरिकेत मुलांच्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी निघणाऱ्या एका मासिकाने नेमकं उलट लिहिलं होतं. गुलाबी हा ठसठशीत रंग, म्हणून तो मुलग्यांना, आणि निळा नाजूक, म्हणून तो मुलींना. पुढे बाजाराने वाट बदलली. त्यातलं गणित सरळ आहे. ताईची सायकल गुलाबी, फुलाफुलांची असली की ती भावाला चालत नाही, दुसरी घ्यावी लागते. एका घरात एकाच्या जागी दोन वस्तू खपतात. आपल्याकडे पूर्वी थोरल्याचे कपडे, पुस्तकं, सायकल धाकट्याकडे जायची, मग मावसभावंडांकडे. ती पद्धत चालू ठेवा, पैसेही वाचतील.

पण गुलाबी हद्दपार करू नका. एकतर तो सुंदर रंग आहे आणि तुमच्या मुलाला आवडतो. दुसरं म्हणजे, बंदी घातलीत की दोन्ही मुलं त्यातून एकच अर्थ काढतील, मुलींचं म्हणून जे समजलं जातं ते कमअस्सल. दोष त्या रंगाच्या वस्तूचा नाही, ती ज्या फळीवर ठेवलीय तिच्यावर लावलेल्या ‘मुलींसाठी’ या पाटीचा आहे. त्या पाट्या काढायला लावण्यासाठी ब्रिटनमध्ये 2012 पासून पालकांनीच मोहीम चालवली. कॅलिफोर्नियात 2024 पासून मोठ्या दुकानांना मुलगा-मुलगी असा भेद नसलेला खेळण्यांचा विभाग ठेवावाच लागतो. आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेने 2022 साली स्त्री-पुरुषांच्या साचेबंद, हानिकारक चित्रणाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं आणली. मुलांच्या एखाद्या जाहिरातीत असं काही खटकलं तर तुम्हालाही त्यांच्याकडे तक्रार करता येते.

वाढदिवसाच्या भेटीचं सोपं करते. पाहुण्यांना ‘काहीही आणा’ म्हणू नका, वस्तूचं नाव सांगा. नाहीतर दुकानदार ‘मुलगा की मुलगी?’ विचारतो आणि मुलगा म्हटलं की गाडी काढून समोर ठेवतो. लाकडी ठोकळे, रंगीत माती, हातात घालायच्या बाहुल्या, डॉक्टरचा संच, चित्रांची पुस्तकं, प्लॅस्टिकची हलकी बॅट आणि टेनिसचा चेंडू, यातलं एकेकाला एकेक वाटून द्या. एखाद्या मावशीला लाकडी पोळपाट-लाटणं सांगा, छोटं पण खऱ्या कणकेची पोळी लाटता येईल असं. केक कसा हवा ते मुलाला विचारा, आणि तो सांगेल तसा आणा.

आता मुलीबद्दल. खरं सांगायचं तर मला जास्त काळजी तिची वाटते. मुलाचं दुखणं दिसलं, कारण तो रडला. मुलीने बॅट खाली ठेवली तेव्हा घरात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. उलट शहाणी झाली असंही कोणी म्हणालं असेल.

2017 साली अमेरिकेत पाच ते सात वर्षांच्या मुलामुलींना अतिशय हुशार असलेल्या एका माणसाची गोष्ट सांगून, यांतला तो कोण असेल, असं फोटो दाखवून विचारलं. पाच वर्षांच्या मुलग्यांनी पुरुष निवडले, तशा मुलींनी बायका निवडल्या. सहा-सात वर्षांच्या मुली मात्र बायका कमी निवडायला लागल्या. ‘हा फार हुशार असणाऱ्यांचा खेळ आहे’ म्हटलं की त्या खेळातला त्यांचा रसही कमी व्हायचा. शाळेत मुलींना चांगले मार्क मिळतात असं त्यांना वाटत असूनही हे होतं. तुमची मुलगी बरोबर त्याच वयात आहे आणि तिने न उघडलेला खोका विज्ञानाचा आहे. योगायोग असू शकतो. पण मी तुमच्या जागी असते तर त्यावर सोडून दिलं नसतं.

तिच्याशी बोलताना एक पथ्य पाळा. ‘मुलींनाही विज्ञान जमतं’, ‘मुलींनाही क्रिकेट येतं’ असं म्हणू नका. त्यातल्या ‘ही’ने तिच्या मनात नसलेली शंका आपणच घालतो. क्रिकेट का सोडलंस, एवढंच विचारा आणि गप्प बसून ऐका. कोणी काही बोललं असेल. किंवा कारण अगदी साधं, कपड्यांचं असेल. यासाठी पुढच्या खरेदीला एक करून बघा. तिच्या मापाची मुलींची हाफपँट आणि मुलग्यांची हाफपँट एकावर एक ठेवा. बहुतेक वेळा मुलींची आखूड आणि तंग निघेल, कापड पातळ असेल, आणि खिसा असला तर त्यात चिंच-बोरंही मावणार नाहीत, नाहीतर नुसतीच शिवण असेल. चपला बघा. मुलींच्या पातळ तळव्याच्या, वर खडे नाहीतर फुलपाखरू. मुलग्यांच्या जाड तळव्याच्या, पट्टा घट्ट बसणाऱ्या. टी-शर्टवर तिला ‘राजकुमारी’ म्हटलेलं असतं आणि त्याला ‘चॅम्पियन’. त्या चपलेत रन काढायला धावलं की पाय घसरणारच आणि त्या फ्रॉकमध्ये झेल घ्यायला वाकलं की आजी ओरडणारच. तिला मुलग्यांच्या विभागातली हाफपँट आणि बूट घेऊन द्या. आणि फ्रॉक आवडत असेल तर फ्रॉकही, आत चड्डीपँट घालून, हवा तेव्हा.

2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तो अंतिम सामना तिला पुन्हा दाखवा. त्यातली स्मृती मानधना सांगलीत वाढली, हेही सांगा. बरोबर आजोबांना आणि भावालाही बसवा. मुलींचा खेळ मुलग्याने बघणं हे मुलीने बघण्याइतकंच गरजेचं आहे.

कार्टूनवर बंदीची गरज नाही, पण अधूनमधून सोबत बसा. छोटा भीमच्या टोळीत भीम, राजू, जग्गू, कालिया, ढोलू-भोलू आणि त्यांच्यात मुलगी म्हणून चुटकी. भाग संपला की दोघांना विचारा, आज संकटातून कोणी सोडवलं? चुटकीने काय केलं? तिच्या जागी तू असतीस तर? मुलं भराभर बोलायला लागतात आणि नंतर आपणहून हेरतात. शाळेच्या पुस्तकातही असंच बघा. 2019 साली बालभारतीने दुसरीचं नवं पुस्तक आणलं, तेव्हा त्यात आईबाबा दोघं मिळून भाजी निवडताहेत असं चित्र होतं आणि डॉक्टर बाई होत्या. एका चित्राने घर बदलत नाही, पण मुलं बोट ठेवून विचारतात, ‘आपले बाबा का नाही निवडत?’ तो प्रश्न तुमच्या घरात आला, तर उत्तर बाबांना देऊ द्या.

आणि तो प्रयोगांचा संच भावाकडून परत मागून घ्या. या रविवारी दोघांना जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसवा. सूचना तिने वाचायच्या, कारण वाचता तिलाच येतं. ओतायचं-ढवळायचं त्याने, कारण किटली हाताळून त्याचा हात बसलाय. तुम्ही दोघं नवराबायको जवळ असा, पण सांडलं तरी मध्ये पडू नका. पुसायचं फडकं मुलाच्या आणि मुलीच्या, दोघांच्या हाताशी ठेवा.

बाईंशी बोलणं झालं की मला कळवा. तो पाणी प्यायला लागला का, तेही लिहा.

तुमची,
ताई